उजव्या कानामागचं गुंतवळ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, फोनवर रोज गावभरच्या गप्पा मारणाऱ्या माझ्या आईला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. तेवढीच माझी हिंमत.

गोष्ट केसांची आहे. हसू नका. किंवा हसा — मीही हसते कधीकधी, आणि मग मधेच थांबते.

आम्ही आयर्लंडात, वॉटरफोर्डला आलो ते ह्यांच्या नोकरीमुळे. हे औषधांच्या कंपनीत मशीनवर आहेत. माझी शाळा नववीत सुटली. आल्यावर पहिल्याच संक्रांतीला जवळच्या ट्रामोर गावी एकीकडे हळदीकुंकू होतं. जमलेल्या बायकांत कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, एक तर पीएचडी करणारी. वाण लुटता लुटता कुणीतरी सहज विचारलं, तुम्ही तिकडे काय करायचात? आणि मी — तिळगूळ हातात धरून — म्हणाले, "माझं पार्लर होतं. मिरजेत."

पार्लरची पायरी मी आयुष्यात एकदाच चढले होते. माझ्या लग्नात. पण बोलून गेले, आणि बायका इतक्या कौतुकानं बघायला लागल्या की मलाच ते पार्लर दिसायला लागलं. गुलाबी पडदे वगैरे.

पुढे कोविड आला, इथली सगळी सलून बंद झाली आणि ट्रामोरहून फोन सुरू झाले. अहो, जरा केस कापून द्याल का, कपाळावरचे डोळ्यांत यायला लागलेत. माझी झोप उडाली. पण देव आणि आयरिश सरकार एकदमच पावलं — घरापासून ठरावीक अंतराच्या पुढे जायचं नाही, असा नियम निघाला. ट्रामोर त्या अंतराच्या बाहेर. सगळं जग त्या नियमाला शिव्या देत होतं, मी मनात त्याला हळदीकुंकू वाहत होते.

पण भिंतीपलीकडच्या शेजारणीला कुठला नियम अडवणार?

फुन्मी. मूळची नायजेरियाची, हॉस्पिटलात वॉर्डमध्ये रुग्णांची देखभाल करते. घरी ती आणि तिची तेरा वर्षांची डेबी, दोघीच. आम्ही आलो तेव्हा गरम पाण्याचं ते इमर्शनचं बटण मला कळेना, आठवडाभर गार पाण्यानं आंघोळ चाललेली. फुन्मीनं येऊन दाखवलं. डॉक्टरकडे माझ्याबरोबर येऊन माझं दुखणं तिनं इंग्रजीत सांगितलं. मला 'माय सिस्टर' म्हणणारी या देशात ती एकटी. पुढे एकट्या आईच्या घरानं दुसऱ्या एकाच घराशी येणं-जाणं ठेवायची परवानगी आली, तेव्हा तिच्या चर्चमधली एवढी माणसं सोडून तिनं आम्हाला निवडलं. मला रडू आलं होतं त्या दिवशी. आणि कुंपणावरून गप्पा मारताना या बाईलाही मी पार्लरचं सांगून बसले होते. का? कौतुकाची चटक लागते, दुसरं काय.

डेबीचे केस जन्मापासून बारीक कुरळे, दाट, स्प्रिंगसारखे. ती सहा वर्षांची असल्यापासून फुन्मी त्यांना सरळ करायचं क्रीम लावून आणायची — रिलॅक्सर म्हणतात त्याला. सलून बंद पडलं, क्रीम थांबलं, आणि मुळाशी तिचे खरे केस उगवायला लागले. वर बोटभर कुरळे, खाली लांब सरळ, जुन्या क्रीमनं मेलेले. डेबी म्हणाली, आता नको मला ते क्रीम, मला माझेच केस हवेत. पोरीचं बरोबर होतं. पण दोन जातींचे केस एका डोक्यावर सांभाळायचे म्हणजे खेळ नाही — आणि फुन्मीला त्या हिवाळ्यात ड्यूटीवर ड्यूटी. एका रविवारी निघता निघता ती म्हणाली, "तू पार्लरवाली आहेस, जरा बघतेस का हिचं?"

त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. एक वाक्य. "बघते की," असं म्हणाले.

मग मी काय केलं? आपल्याकडे जे करतात तेच. गावाकडून आणलेली खोबरेल तेलाची बाटली काढली — इथल्या थंडीत ती दगड होते — रेडिएटरवर ठेवून पातळ केली, आणि शेजारी जाऊन डेबीच्या कोरड्या केसांवर ओतली. चांगलं चोपडलं. मग माझ्या आईनं दिलेली बारीक दातांची फणी घेतली आणि मुळापासून खाली ओढली. गुंता आला की आणखी जोरात. आईनं माझे केस असेच विंचरले होते, तिच्या आईनं तिचे.

आवाज आला. कट्. पुन्हा कट् कट्.

डेबी खांदे वर करून बसली होती. मी फणी बघितली. कुरळे संपून सरळ सुरू होतात ना, नेमका तिथून केस तुटत होता. ती जागा सगळ्यात कच्ची असते — हे मला आज माहीत आहे. उजव्या कानामागे रुपयाएवढी जागा नुसत्या खुंटांची झाली होती. मी काय केलं माहीत आहे? ते सगळं गुंतवळ बोटाला गुंडाळलं, स्वेटरच्या खिशात टाकलं, आणि त्या जागेवरून चापूनचोपून वेणी घातली. वर म्हणाले, "बघ, कशी छान दिसतेस."

घरी येऊन घाबरले ते इतकी, की केस तोडल्याबद्दल व्हिसा जातो का, असं ह्यांना आडून आडून विचारलं. ह्यांना वाटलं, टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल.

चार-पाच दिवसांनी फुन्मीनं वेणी सोडली. भिंतीतून तिचा आवाज आला, मी धावत गेले. ती जिन्याच्या पायरीवर बसली होती, डेबीचं डोकं मांडीवर. मला वाटलं, आता आपलं बिंग फुटलं. पण ती स्वतःलाच बोलत होती. मीच केलं हे. एवढ्याशा पोरीला मी ते क्रीम लावलं, सगळ्यांसारखी दिसावी म्हणून. आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं — तिच्या पुढ्यात पार्लरवाली उभी होती ना.

"तू या कामातली आहेस. खरं सांग. क्रीमनंच ना?"

आणि मी म्हणाले, "हो. केमिकलचं असंच असतं."

हेच ते. पार्लरचं खोटं सोडा, त्यानं कुणाचं काय गेलं. माझ्या फणीचं पाप मी एका आईच्या डोक्यावर ठेवलं, आणि तिनं ते डोळे पुसून घेतलं. वर रविवारी माझ्यासाठी डबाभर झणझणीत लाल जोलोफ भात पाठवला, पोरीकडे लक्ष दिलंस म्हणून. मी तो खाल्ला. चवीनं खाल्ला, हेही सांगते.

पुढच्या सुट्टीला फुन्मीनं मला समोर बसवलं. "पार्लरवाली असशील, पण आमचे केस वेगळे," असं म्हणत सगळं शिकवलं. कोरड्या केसाला फणी लावायचीच नाही. आधी फवाऱ्यानं पाणी. मग कंडिशनर, मग केसांचे चार भाग, मग बोटांनी गुंता, आणि मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून वर वर. मग ओलावा धरणारं क्रीम. तेल सगळ्यात शेवटी, थेंबभर. मी जन्मभर समजत होते की तेल म्हणजे केसाचं जेवण. ते तर पातेल्यावरचं झाकण निघालं — आत पाणीच नसेल तर झाकून काय उपयोग? झोपताना सॅटिनची टोपी, नाहीतर उशी सगळा ओलावा पिते.

शिकले मी. इतकं मन लावून मी शाळेतही काही शिकले नव्हते. दर रविवारी आमच्या किचनमध्ये डेबी खुर्चीत, मी मागे फवारा घेऊन, हे चहा करणार आणि डेबी ह्यांच्या मराठी इंग्रजीच्या नकला करणार. ह्यांनाच सगळ्यात जास्त हसू. कानामागचे खुंट वाढले, त्यांना वळण आलं. पहिली गोल कडी बोटावर आली तेव्हा मी तिला आरशात दाखवली, आणि आम्ही दोघी येड्यासारख्या नाचलो.

असाच एक रविवार. मी पाणी मारत होते, डेबी फोनमध्ये बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आंटी, तेव्हा मला ऐकू आलं होतं. माझंच डोकं आहे ना. आणि तुम्ही खिशात काय टाकलंत तेही दिसलं."

माझा हात तिथंच थांबला. मग आईला का नाही सांगितलंस?

"तुम्ही खूप घाबरल्यासारख्या दिसत होतात." मग, 'काही बिघडलं नाही' म्हणायच्या इथल्या पोरांच्या त्या हेलात, "यू आर ग्रँड, आंटी. पाणी मारा, वाळतायत केस."

तेरा वर्षांची पोर माझ्यासाठी गप्प राहिली. आणि मी? मला वाटलं होतं, आता तरी उठून शेजारचं दार वाजवीन. मी पाणी मारलं.

उन्हाळ्यात सलून उघडली. डेबीनं खालचे सरळ केस कापून टाकले. बाहेर आली तेव्हा डोक्याभोवती काळाभोर गोल ढग, आणि तोंडभर हसू. फुन्मीनं रस्त्यातच तिचे मुके घेतले. आता चर्चमधल्या ज्या आया लहान मुलींना क्रीम लावतात, त्यांना ती मागच्या अंगणात बसवून समजावते. लेकीचं डोकं वळवते, उजव्या कानामागं बोट ठेवते, म्हणते — इथं माझ्या हातानं टक्कल पाडलं मी. विचारा हिला, हिचं पार्लर होतं.

सगळ्या माझ्याकडे बघतात. डेबी तेवढी बघत नाही, ती बिस्किटाच्या डब्यात काहीतरी शोधत असते.

आणि मी मान हलवते. गेल्या रविवारीही हलवली.