दोन बोटं पुढे आलेली पुस्तकं

वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि तिच्या आवाजामागे काहीच ऐकू येत नव्हतं. एरवी कतारगामहून फोन आला की आधी लूमची खटखट कानावर आदळायची आणि मग माणूस बोलायचा. यंत्रमागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. माझा थोरला भाऊ वसंत अशाच एका खात्यात चाळीस वर्षं मास्तर होता, म्हणजे बिघडलेला लूम नुसत्या आवाजावरून ओळखून दुरुस्त करणारा. घरही खात्याच्या मागच्याच बाजूला. त्या दुपारी शेठने स्वतः खाली येऊन सगळे लूम बंद करायला लावले होते. वहिनी पुढे काय बोलली ते मला नीट आठवत नाही. फोनमधल्या त्या शांततेनेच मला सगळं सांगून टाकलं होतं... भाऊ वरच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातात भिंग तसंच होतं म्हणे.

ती वरची खोली म्हणजे भाऊचं ग्रंथालय. सुरतेत, साड्या विणणाऱ्या खात्याच्या माथ्यावर, जुन्या अमेरिकन तांब्याच्या नाण्यांवरची दोन-सव्वादोनशे इंग्रजी पुस्तकं आहेत आणि ती माझ्या अकरावी झालेल्या भावाची आहेत, असं मी शाळेत सांगायची तेव्हा बाकीच्या शिक्षिका तोंडाला पदर लावायच्या. "मग नाणी किती?" असं कोणी विचारलं की माझीच पंचाईत. कारण नाणं एकच होतं.

ते नाणं आमच्या देव्हाऱ्यात होतं. खानदेशातून सुरतेला आल्यावर वडील सुरुवातीला खोदकामाला जायचे. तापीकाठी, जुन्या वस्तीत कुठल्याशा पायासाठी माती काढताना त्यांना तांब्याची एक जाड चकती मिळाली. तिच्यावर एका बाईचं तोंड, केस मोकळे सोडलेले, नजर उजवीकडे. कोणत्या देवीचा टाक असेल हे कोणालाच सांगता येईना, पण मातीतून आलेल्या देवीला नाही म्हणायची आईची छाती नव्हती. तिने तिला खंडोबाच्या टाकाशेजारी बसवलं आणि रोज कुंकू लावलं. लहानपणी मला त्या देवीची भीती वाटायची. बाकीचे देव समोर बघायचे. ही एकटीच बाजूला बघायची, आपल्या मागे कोणी उभं असल्यासारखी. आणि घरात मोकळ्या केसांनी फिरलं तर पाठीत धपाटा घालणारी आई या मोकळ्या केसांच्या बाईला हात जोडायची, याचंही मला कोडंच होतं.

मग भाऊला रद्दीच्या गठ्ठ्यात परदेशातल्या एका लिलावाची यादी सापडली. वरचं पान फाटलेलं, आत नाण्यांचे फोटो, आणि त्यात आमची देवी! भाऊ धावतच घरी आला. "आई, हाई देवी नहीं. हाई अमेरिकाना पैसा शे. दोनशे वरीसना जुना." आईने यादीकडे पाहिलं, देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "व्हई. पन आते ती देवी शे." भाऊ हसला. त्या यादीवरून त्याला एक गोष्ट कळली होती. त्या काळी नाण्यांचे ठसे हाताने कोरायचे, म्हणून प्रत्येक ठशात काहीतरी वेगळं असायचं. केसांची एखादी बट, मागच्या बाजूला कोरलेल्या वेलीचं एखादं पान, ठशाला तडा गेला की नाण्यावर उमटणारी बारीक रेघ... त्यावरून आपलं नाणं नेमकं कोणत्या ठशाचं हे सांगता येतं. येत्या रविवारी कतारगामातल्या ओळखीच्या हिरेवाल्याकडून भिंग आणतो, म्हणाला.

रविवारच्या आधी नवरात्र आलं, आणि देव घासायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा मी सतरा वर्षांची. चिंच आणि चुलीची राख घेऊन मोरीत बसले. मी डावखुरी आणि देवाला डावा हात आईला खपायचा नाही, म्हणून ती समोर असेपर्यंत उजव्या हाताने घासायचं आणि ती वळली की हात बदलायचा, ही माझी नेहमीची लबाडी. भाऊने एवढं कौतुक केलं म्हणून देवीवर मी जास्तच मेहनत घेतली. तिचा काळपट तपकिरी रंग गेला आणि ती नव्या तांब्यासारखी गुलाबी निघाली. मला केवढा आनंद झाला होता!

तांब्याच्या जुन्या नाण्याला कधी घासायचं नसतं. त्याचा रंग हीच त्याची कातडी. हे आज मला झोपेतसुद्धा सांगता येईल, पण तेव्हा आमच्या घरात तांबं म्हणजे घासायची वस्तू. रविवारी भाऊ भिंग घेऊन आला, देव्हाऱ्यापुढे वाकला आणि तसाच राहिला. "हाई कोनी घासं?" मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी घासं. नवरात्र उनं, देव घासाले नको का?" भाऊ तिला नको नको ते बोलला. अडाणी म्हणाला. आई भाकऱ्या थापत राहिली आणि मी दाराच्या आड उभी राहिले.

दोन आठवडे तो घरी आला नाही, खात्यातच झोपायचा. आला तो भिंग घेऊनच. नाणं घेऊन खिडकीत बसला, कितीतरी वेळ तिरपं धरून बघत राहिला. मग उठला आणि त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, चला, त्याने आईला माफ केलं. सुटले एकदाची, असंही वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

आई गेल्यावर देवी भाऊकडे गेली. तोपर्यंत ग्रंथालय सुरू झालंच होतं. एका पुस्तकाच्या शेवटी ज्या पुस्तकांची नावं असायची ती भाऊ वहीत उतरवायचा आणि त्यांच्या मागे लागायचा. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचा. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड: या पुस्तकात आपल्या देवीबद्दल काय मिळालं. शेकडो ठशांमधून गाळत गाळत तो दोनांवर आला होता. त्या दोनांतला कोणता, हे केसांपासून कडेपर्यंत जाणाऱ्या एका बारीक रेघेवर ठरणार होतं, आणि नेमकी तिथेच माझी राख सगळ्यात जास्त फिरली होती. रेघ आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही. म्हणून तो आणखी एक पुस्तक मागवायचा. मग आणखी एक.

बहुतेक पुस्तकं तिकडच्या मेलेल्या संग्राहकांच्या कपाटांतून निघालेली. पहिल्या पानावर एकाखाली एक तीन-तीन, चार-चार नावं. "हाऊ गया, हाऊबी गया," म्हणत भाऊ त्या नावांवरून बोट फिरवायचा आणि सगळ्यांत खाली स्वतःचं नाव लिहायचा. समासात त्या लोकांनी पेन्सिलीने प्रश्न लिहून ठेवलेले असायचे. भाऊ त्यांच्याखाली उत्तरं लिहायचा. "अरे, ते वाचायला येणार आहेत का?" असं मी चिडवायची. तो म्हणायचा, "विचारेल तर शे ना त्यासनी." मला त्या खोलीत एकटीला बसायला आवडत नसे. खालच्या लूमने जमीन सतत थरथरायची, आणि जमीन दाराकडे किंचित उतरती असल्यामुळे लोखंडी मांडणीवरची पुस्तकं आपोआप पुढे सरकायची. आठवड्यात दोन बोटं. दर रविवारी भाऊ उजव्या तळव्याने एकेक रांग आत ढकलायचा आणि म्हणायचा, "चला, मांगे व्हा." तो पाठमोरा असताना मला वाटायचं, ती सगळी माणसं त्याचं ऐकतात.

आमची शेवटची भेट त्याच खोलीत झाली. यावेळी सांगायचंच, असं ठरवून मी कोसाडच्या माझ्या घरून निघाले होते. भाऊने कापडात गुंडाळलेली देवी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. गुलाबीपणा केव्हाच मावळला होता, ती पुन्हा काळपट होत आली होती. "देख, तोंड परत यी ऱ्हायनं तिनं," तो म्हणाला. मी पाहिलं, आणि लहानपणची ती भीती तशीच परत आली. भाऊ माझ्याकडे बघत होता. "मंदे, तुले काही सांगानं शे का?" खाली लूम खटखटत होते. "नहीं भाऊ, काही नहीं," मी म्हणाले. आता सांगायचं म्हणजे आईला मरेपर्यंत तो बोल सोसू दिला हेही सांगायचं... ते माझ्याने झालं नाही. त्याने देवी गुंडाळून ठेवली.

तो गेल्यावर एकविसाव्या दिवशी आम्ही खोली उघडली. भाऊला नेल्यावर वहिनीने कुलूप घातलं होतं, ते तेव्हाच निघालं. खातं तिसऱ्याच दिवशी सुरू झालं होतं, रात्रपाळीसकट. पुस्तकांचा खाली ढीग झाला असेल, या तयारीने मी चार पिशव्या घेऊन गेले होते. दार उघडलं. पुस्तकं जागच्या जागी होती. सगळ्या रांगा सरळ, कोणी आत्ताच तळवा फिरवावा तशा. फक्त वरच्या रांगेतलं एक पातळ पुस्तक दोन बोटं पुढे आलेलं.

"वहिनी, तू येऊन गेलीस का?"

"मी तठे पायबी नहीं ठेवा, मंदाताई," ती दाराबाहेरूनच म्हणाली. "चावी मनाजोडेच व्हती." तिचा चेहरा पाहून मी पुन्हा विचारलं नाही. शेठला विचारलं तर तो म्हणाला, "बेन, ए ओरडी एमनीज छे," आणि हात जोडून निघून गेला. ती खोली त्यांचीच आहे, एवढंच.

पुढे आलेलं पुस्तक म्हणजे रद्दीतली ती पहिली यादी. भाऊने तिला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं होतं. आत त्याचं अगदी पहिलं कार्ड होतं, शाई फिकी झालेली, अक्षर तरुणपणचं, टपोरं. मी ते उभ्यानेच वाचलं: "नाणे राखेने घासलेले. भिंगाखाली ओरखड्यांचा कल उलटा. हात डावा. आई उजव्या हाताची. विषय बंद."

मी खाली बसले. म्हणजे त्या दिवशी खिडकीत बसून त्याने सगळं वाचलं होतं. आईच्या पायांवर डोकं ठेवलं ते माफ करायला नव्हे, माफी मागायला. आणि नंतरची सगळी वर्षं, दर राखीला, दर भाऊबीजेला, हा माणूस माझ्या डाव्या हाताने भरवलेला लाडू खात गप्प बसला. मी सांगेन म्हणून वाट बघत. एवढं रडू मला तो गेला त्या दिवशीही आलं नव्हतं.

खाली जेवणाची सुट्टी झाली आणि लूम थांबले. त्या शांततेत मी मोठ्याने म्हणाले, "भाऊ, मी घासं व्हतं. आईनी नहीं. मी." वहिनी दारात होती, तिने ऐकलं, ऐकू दे. मग डाव्या तळव्याने मी ती यादी आत ढकलली.

तेव्हापासून दर रविवारी मी कतारगामला जाते. पहिल्याच रविवारी सगळ्या रांगा नेहमीसारख्या दोन बोटं पुढे आल्या होत्या, आणि पुढच्या प्रत्येक रविवारी येतात. मी एकेक रांग आत ढकलते, "चला, मांगे व्हा" म्हणते. वरच्या रांगेतली ती पातळ यादी मात्र अजून एकदाही पुढे आलेली नाही.