पाण्यातून वर आलेला रस्ता

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, प्रार्थना इंग्रजीत. घरी आई दिवा लावायची, मी बाजूने निघून जायचे. म्हणून आईच्या ऑपरेशनच्या दोन दिवस आधी रात्री ती म्हणाली, "जाऊन ये वं, मातामायची ओटी भरून ये, मंग मी बिनघोर टेबलावर जाईन," तेव्हा मला पहिल्यांदा रागच आला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत तिला भरती करायचं होतं. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, संमतीच्या फॉर्मवर सही करायला माझ्याशिवाय कोणी नाही. आणि मातामाय, आईच्या माहेरची गावदेवी, बसलेली वैनगंगेच्या पाण्यात! धरण झालं तेव्हा आईचं माहेर बुडालं, गाव दुसरीकडे वसलं. देऊळ तेवढं उंचावर असल्याने राहिलं. त्याच्याभोवती आता बेट आहे.

आईच्या चेहऱ्याकडे पाहून मी हो म्हटलं. शेजारच्या काकू दिवसभर तिच्यापाशी थांबल्या. मी सायकल घेतली, कारण घाटापर्यंत बस जात नाही आणि सायकलवर कोणाशी बोलावं लागत नाही. पहाटेच्या कुहीच्या बसच्या टपावर ती चढवताना कंडक्टर म्हणाला, "मॅडम, सायकल चालवाले आणली का फिरवाले?" सगळी बस हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

कुहीहून घाटापर्यंत मी सायकल चालवली. तिथून डिझेलच्या बोटीने मला सायकलसकट बेटावर सोडलं. ती बोट संध्याकाळीच परत येणार होती. पण बेटाच्या दुसऱ्या टोकावरून दुपारी भंडाऱ्याच्या बाजूला एक नाव जाते, असं बोटवाल्याने सांगितलं. पलीकडे बस मिळणार होती. हिशोब जमत होता.

बेटावरचा रस्ता मी अजून विसरू शकत नाही. जुना डांबरी रस्ता पाण्यातून सरळ वर येतो, जणू खाली कुठेतरी अजून गाव आहे आणि तिथून कोणी चालत येणार आहे. दोन्ही बाजूंना पळस फुललेले. एक मैलाचा दगड होता, त्यावर आईच्या गावाचं नाव, खाली एक बाण आणि एक किलोमीटर. बाणाच्या दिशेला फक्त पाणी चमकत होतं. मी पायडल मारत होते की रस्ताच माझ्याखालून सरकत होता, कळत नव्हतं. माझ्याशिवाय तिथे माणूस नव्हतं, तरी एकटं वाटत नव्हतं.

देऊळ म्हणजे चार दगड आणि पत्र्याचं छप्पर. मी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड ठेवलं. हात जोडले. काही मागायचं होतं, पण शब्दच आले नाहीत. आईचं नाव मनात घेतलं आणि तशीच उभी राहिले. मग निघाले.

दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा वारं सुटलं होतं. नाव आलीच नाही. एक वाजला, दोन वाजले. फोनला रेंज नव्हती. रस्ता माझ्यासमोर पुन्हा पाण्यात उतरत होता आणि मी त्याच्या काठावर सायकल धरून बसले होते. सहा वाजता आई दवाखान्याच्या काउंटरसमोर उभी असेल आणि सहीला कोणीच नसेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मी रडले, तेही दबकत, जणू तिथे कोणी ऐकणार होतं.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ छोटा डोंगा वल्हवत काठाला आले. डोक्याला दुपट्टा बांधलेला.

"कोण गावची वं पोरी?"

"नागपूरची."

"ते त दिसूनच राहिलं. नागपूरचं कोण येते मातामायपाशी? माय कुठची तुही?"

"इथलीच. दोन कडुलिंबांचं घर होतं त्यांचं." मला एवढंच माहीत होतं.

त्यांनी वल्ह्याने पाण्यातली एक जागा दाखवली. मग म्हणाले, "म्हणजे तू भाची होय आमची." त्यांनी हात धुतले आणि वाकून माझ्या पायांना लावले.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, हे मी लग्नांमध्ये पाहिलं होतं. पण आईला भाऊ नाही. माझ्या पायांना असा हात कधीच कोणी लावला नव्हता. मी दचकून मागे सरले.

"पाय मांगं नको घेऊ वं. भाचीनं पाय मांगं घेतले त मामानं काय करावं?"

मग मी, जी कंडक्टरशीही बोलत नाही, त्यांना सगळं सांगून बसले. आई, ऑपरेशन, सही, सहा वाजता. त्यांनी वाऱ्याकडे पाहिलं. "अशा वाऱ्यात डोंगा काढत नाही कोणी," ते म्हणाले. "आज जाळंही नव्हतं टाकलं इकडं. काहून आलो, मलेच समजत नव्हतं. बस. सायकल आडवी टाक. आन् काठ धरू नको. जीव मुठीत धरून बसलं की डोंगा जास्त हलते."

मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसले. लाटा येत होत्या, डोंगा त्यांच्यावर चढत-उतरत होता. "भेव नको," ते मध्येच हसून म्हणाले, "मातामायलेच घेऊन चाललो समजतो. सायकलवाली मातामाय!" मला त्या वाऱ्यात, त्या पाण्यावर, हसू आलं. खाली बहुतेक आईचं घर असेल, असं वाटलं, आणि भीती कुठे गेली ते कळलं नाही.

काठ जवळ आला तेव्हा बस निघत होती. त्यांनी पाण्यातूनच दुपट्टा फिरवत आरोळी ठोकली. बस थांबली. माझी सायकल टपावर चढवत कंडक्टर म्हणाला, "या ताई, तुमचा मामा अख्ख्या धरणाले ऐकू येऊन राहिला." मी वळून पाहिलं तर डोंगा अर्ध्यावर गेला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

भंडाऱ्याला बस बदलली. पाच चाळीसला मी दवाखान्यात होते. फॉर्मवर 'इतर नातेवाईक' असा रकाना होता. तो मी कोराच ठेवला, पण पेन तिथे थोडा वेळ थांबलं.

रात्री पडल्या-पडल्या आईने विचारलं, "काय मांगितलं वं मातामायले?"

"काहीच नाही," मी म्हटलं आणि मग डोंग्याचं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे भेटलं तुले माहेर माहं." आणि कितीतरी दिवसांनी ती गाढ झोपली.

सकाळी थिएटरबाहेर चार तास बसले होते. हात मांडीवर उघडेच होते. डॉक्टर बाहेर येऊन हसले.

आई आता बरी आहे. ते गृहस्थ त्या दुपारी तिथे कसे आले, याचा मी शोध घेत नाही. आभार मात्र रोज मानते, नाव माहीत नसतानाही पोचत असतील असं धरून. मागायला मी अजून शिकले नाही. दिव्यासमोर गप्प उभी राहते, आणि प्रेमाने कोणी जवळ आलं तर आता पाय मागे घेत नाही.