परकं इंजिन

नवऱ्यामागे जयवंतीकाकूने जीप विकली नाही, स्वतः चालवायला घेतली. वसईतल्या आमच्या वाडीची केळी आणि फुलं तीच स्टेशनावर पोचवायची. अठ्ठ्याहत्तर साली जीपचं इंजिन निकामी झालं, तर तिने भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं. तेव्हापासून गाडी ढकलल्याशिवाय सुरू होईना, आणि जागेवर उभी असली की हिवताप भरल्यासारखी थडथडे. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, पण काडीचा फरक पडला नाही.

तिचा धाकटा दीर रामचंद्र ओटीवरून रोज ऐकवायचा, "वहिनी, परकं इंजिन आपल्या गाडीला मानवायचं नाही. विकून टाका."

"मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याबद्दलही हेच बोलला होतात," काकू म्हणाली. "गेले का मी कुठे?"

एका सकाळी तिने त्यालाच धक्का मारायला लावून गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि कान लावला. इंजिनाच्या एका रबरी नळीपाशी हवा आत ओढल्याची बारीक फुसफुस येत होती. तिने ती जागा बोटांनी आवळली, तशी थडथड थांबली. नळीला लोखंडी पट्टी नव्हतीच. आम्ही वाडीवाले वेलापासून कुंपणापर्यंत सगळंच केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधतो, तसं तिथेही सोपट गुंडाळलेलं होतं आणि इंजिनाच्या उष्णतेने ते वाळून सैल पडलं होतं. इंजिन बसवताना ती गाठ रामचंद्रनेच मारली होती.

काकूने गाडी बंद करून सोपट सोडलं आणि नळीवर लोखंडी पट्टी बसवून आवळली. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. तिने सोपट दिराच्या हातात ठेवलं.

"इंजिन परकंच आहे, भाऊजी. खोट घरच्या गाठीत निघाली."