मंडपात भैयाजी

गोंदियातल्या तीन पक्षांनी मला काढून टाकलं आहे. मी त्यांपैकी एकाचाही सभासद नव्हतो.

माझं छपाईचं दुकान आहे. टी-शर्ट, मग, फ्लेक्स. गिऱ्हाईक म्हणेल ते छापून देतो आणि वर राजकारणावर फुकट भाषण देतो. (हे कोणीच मागत नाही.) मागच्या निवडणुकीत ‘मी कोणाचाच नाही’ असा टी-शर्ट स्वतःसाठी छापला आणि दिवसभर घालून बसलो. अण्णाजींचे लोक म्हणाले, हा टोमणा आम्हाला. भैयाजींचे लोक म्हणाले, आम्हाला! तिसरा पक्ष तर याच रागात होता की, आम्हाला टोमणा का नाही? भैयाजींनी तयार फ्लेक्सचा अख्खा गठ्ठा माझ्याच दुकानात परत आणून आपटला.

तेवढ्यात आमच्या पोरीचं, पिंकीचं साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) ठरलं. सौंदडला, आमच्या गावाकडच्या घराच्या अंगणात. मुलगा सालेकशाचा, शिकलेला, पिंकीच्या पसंतीचा. फक्त त्याचे वडील सोमाजी हे अण्णाजींचे कट्टर कार्यकर्ते. पहिला घाससुद्धा अण्णाजींच्या नावाने घेणारे!

“मंडप किरायाने आणा जी,” बायको म्हणाली.

“कायले? एवढे फ्लेक्स सडून राहिले दुकानात!”

“त्याच्यावर भैयाजीचं तोंड आहे ना!”

“तोंड आभाळाकडे करतो. खालून पांढरंशुभ्र! कोणाले दिसते?”

त्या सकाळी आभाळ भरून होतं आणि मंडप खालून खरोखर पांढराशुभ्र. पाहुणे आले. सोमाजींनी मान वर केली. “मंडप मस्त आहे जी!” मी बायकोकडे असं पाहिलं, जणू नुकतीच नगराध्यक्षपदाची शपथ घेतली.

पिंकीने हात पुढे केला, मुलाने अंगठी काढली आणि ढग हटले.

फ्लेक्स पातळ. (स्वस्तातला. तोही मीच निवडलेला.) ऊन पडताच आमच्या डोक्यावर हळूहळू दोन डोळे उजळले. मग केस. मग झुपकेदार मिशी. मग जोडलेले हात. अख्खे भैयाजी मंडपात प्रकट झाले!

“हे का होय?” सोमाजी कडाडले.

“ऊन होय जी.”

“मी मिशीचं विचारून राहिलो! ऊठ रे पोरा! हे त्या पार्टीचे लोक आहेत!”

मुलाच्या हातात अंगठी तशीच. पिंकीचे डोळे भरले. बायकोने माझ्याकडे पाहिलं... त्या नजरेवर मी लिहिणार नाही!

“दोन मिनिटं थांबा, समधीजी!” म्हणत मी गाडीकडे धावलो. गाडीत अण्णाजींचाही फ्लेक्स होता. (मी निःपक्षपाती माणूस!) शिडी लावली, स्वतः चढलो आणि भैयाजींच्या अंगावर अण्णाजी पांघरले. वरूनच ओरडलो, “आता पाहा जी! कोण दिसते?”

खाली सगळ्यांच्या माना वर.

उतरून पाहतो तर ऊन दोघांच्याही आरपार गेलेलं. अण्णाजींच्या टकलावर भैयाजींचे केस, अण्णाजींच्या गुळगुळीत ओठांवर भैयाजींची मिशी. आणि हात मात्र चार!

सोमाजी लालभडक झाले. आता सोयरीक मोडणार, मी देवाचं नाव घेतलं. (त्याच्या पक्षातून अजून काढलेलं नाही.) इतक्यात सोमाजींची बायको फिस्सकन हसली.

“अवं माय! अण्णाजीले मिशी कशी शोभून राहिली!”

मग सगळ्या बाया हसल्या, मग मुलगा, मग डोळे पुसत पिंकी. शेवटी सोमाजींचंही पोट हलायला लागलं.

“बाबा, काढून टाका ना ते सारं!” पिंकी म्हणाली. “उन्हातच बसतो आमी.”

दोन्ही नेते उतरवले. अंगठी भर उन्हात बोटात गेली.

निघताना सोमाजींनी मला बाजूला घेतलं. “सोयरीक पक्की जी. पण लग्नात तुमच्या दुकानचं काहीच नको. पत्रिकासुद्धा नको!”

म्हणून माझ्या एकुलत्या एका पोरीची लग्नपत्रिका आमच्या समोरच्या दुकानात छापली. घरी आल्यावर बायकोने ती उन्हात धरून पुढून-मागून तपासली. आरपार काही दिसेना. कागद जाड, रंग स्वच्छ, अक्षरं सुरेख!

मी माझ्या दुकानाची नवी कार्डं त्याच्याकडेच छापायला टाकली आहेत.