कुंताबाईची उलटतपासणी

"रोवणीले काहून येत नाहीस?" असं कोणी विचारलं की एकोडीची कुंताबाई रामटेके हसून म्हणायची, "कटाळा आला बाप्पा आता." तीन वर्षं तिने गावाला ताकास तूर लागू दिली नाही. भातलावणीला वीस बायांची टोळी हाकणारी बाई, धानाच्या चिखलात जिची बरोबरी करायची कोणाची टाप नव्हती, तिला म्हणे कंटाळा! पण नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईला उलट विचारणार कोण?

खरं कारण डाव्या गुडघ्यात होतं. तीन वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या चौकात लाल दिवा लागलेला पाहून ती रस्ता ओलांडायला निघाली आणि थांबायला हवी होती ती मोटार थांबली नाही. गावाला मात्र तिने मुका मार होता, बरा झाला, एवढंच सांगितलं. चूक मोटारीची, हे कोर्टात सगळ्यांनाच मान्य होतं. वाद उरला होता तो एवढाच, की बाईचं नुकसान ते झालं किती. भरपाई मिळाली तर गुडघ्याचं ऑपरेशन होणार होतं. नाही मिळाली तर धानाच्या बांधीत पाय ठेवणं कायमचं संपलं.

तारखेच्या दिवशी मुलगी तृप्ती काठी घेऊन मागे लागली. "माय, लंगडत चाल ना थोडी. कोर्टाले दिसलं पाहिजे."

"लबाडी नाही करत मी," म्हणत, विहारात जायचं पांढरं लुगडं नेसून कुंताबाई काठीशिवाय निघाली. लबाडीचं आपलं निमित्त. सोबत टोळीतली आनंदाबाई तिच्या कामाची साक्षीदार म्हणून येत होती, आणि तिच्यासमोर लंगडायचं म्हणजे कुंताबाईला मेल्याहून मेल्यासारखं. निव्वळ हट्ट होता हा, आणि तो अंगाशी येणार होता.

आधी आनंदाबाईची साक्ष झाली. टोळीत कुंताबाईसारखा हात कोणाचा नाही, हे तिने छाती काढून सांगितलं. मग तिने रोवणी का सोडली, असं मोटारीच्या विमा कंपनीच्या वकिलाने विचारल्यावर भोळेपणाने बोलून गेली, "कटाळा आला म्हणते जी ती."

वकिलाचा चेहरा खुलला. त्याने कुंताबाईला उभं केलं आणि गोड आवाजात उलटतपासणी सुरू केली.

"बाई, दारापासून इथपर्यंत कशा आलात?"

"चालत."

"कोणी धरलं होतं?"

"कायले धरन कोणी?"

"पुन्हा चालून दाखवता?"

तिचा वकील हरकत घ्यायला उठेपर्यंत ती निघालीही. ताठ मानेने दारापर्यंत गेली, परत आली. गुडघ्यातून कळा निघत होत्या, चेहऱ्यावर मात्र काही दिसू दिलं नाही. आनंदाबाई कौतुकाने बघत होती.

"पाहा साहेब," वकील न्यायाधीशांना म्हणाला, "काठी नाही, आधार नाही. काम सोडलं ते कंटाळून."

न्यायाधीश टंकलेखकाला सांगू लागले, "साक्षीदार विनाआधार चालू शकतात..." तिकडे अक्षरं उमटत होती आणि इकडे कुंताबाईचं ऑपरेशन हातचं जात होतं. तिचा वकील मान खाली घालून कागद चाळत बसला. त्या बिचाऱ्याने रोवणी पाहिलेली धावत्या बसमधून.

बोलावं तर आनंदाबाईसमोर तीन वर्षांचं सोंग उघडं पडणार. गप्प राहावं तर गुडघा गेला. तिने आनंदाबाईकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"साहेब, थांबा जी. समोर चालून रोवणी होत नाही."

"म्हणजे?"

"रोवलेल्यावर पाय देता येते का? रोवणी मांगं मांगं होते."

कोणी काही म्हणायच्या आत ती कमरेत वाकली. डाव्या हातात नसलेली रोपं धरून उजव्या हाताने फरशीवर एक रोप खोचलं, दुसरं खोचलं. उजवं पाऊल मागे टेकलं. डावं मागे नेलं, त्यावर भार दिला आणि गुडघा गेला. कुंताबाई धाडकन खाली आली.

तृप्ती धावली. विमा कंपनीचा वकीलसुद्धा खुर्चीतून अर्धा उठला.

"हात नोको लावू मले," म्हणून तिने मुलीला झिडकारलं. पण उठता येईना. मग तिथेच फरशीवर बसून ती रडली. दुखलं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

न्यायाधीशांनी पुढे वाकून फरशीवर बसलेल्या बाईकडे पाहिलं. मग टंकलेखकाला म्हणाले, "पुढे लिहा. साक्षीदार पुढे चालू शकतात. मागे चालू शकत नाहीत. त्यांचं काम मागे चालण्याचं आहे."

याच तीन वाक्यांवर पुढे निकाल तिच्या बाजूने लागला, ऑपरेशनही झालं. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक होतं? आनंदाबाई बाकावरून उठली आणि कोणाची परवानगी न विचारता तिच्याजवळ येऊन बसली.

"एवढंच होतं तं सांगतलं काहून नाही? आमाले वाटलं, तू आमच्यावर रागावली. तीन वर्षं तुया दारावरून मान खाली घालून जाऊन राहिली ना मी."

बोलता बोलता तिने हात पुढे केला. तो मात्र कुंताबाईने धरला.