कठड्यावर उरलेली चार बोटं

"हे पांढरं दिसतंय ना, भिंगासारखं फुगलेलं? ते रक्त आहे," डॉक्टर म्हणाले.

सीटी स्कॅनच्या पडद्यावर एका लहान डोक्याची गोल सावली होती. तिच्या एका बाजूला कवटीला चिकटलेला तो पांढरा फुगवटा. पडदा वाचायला मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी काहीतरी जागेवरून ढकललं गेलं आहे हे मला कळलं.

"एक्स्ट्राड्यूरल हिमॅटोमा," ते म्हणाले. कवटीचं हाड आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. मेंदूला मार नसतो, पण रक्त वाढत जातं आणि मेंदूला दाबत जातं. "किती उंचावरून पडली?"

"पाच फूट. दोन मजली पलंग आहे."

"कठडा नव्हता का?"

"होता," मी म्हणाले. पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते माझ्या तोंडून यायला आणखी चार तास लागले.

ही पूर्वा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, आठ वर्षांची. दीड वर्षापूर्वी वैशाली अमरावतीच्या दवाखान्यात डेंग्यूने गेली, नऊ दिवसांत. तिचे यजमान दिलीपराव वलगावला शेती करतात. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांनी पूर्वाला शाळेसाठी अकोल्याला आमच्याकडे ठेवलं. आमची गौरी दहा वर्षांची. घरात खोल्या दोनच, म्हणून मुलींसाठी दोन मजली पलंग करायचा ठरला.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. कुठलंही काम वाचल्याशिवाय करायची मला सवय नाही. पलंगाविषयी मिळेल ते मी वाचलं आणि वहीत उतरवलं. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये. कठडा चारही बाजूंनी हवा, भिंतीकडूनसुद्धा. पट्ट्यांमधली फट इतकी अरुंद हवी की मुलाचं डोकं किंवा धड त्यातून जाऊ नये. शिडी हलती नको, पायऱ्या पाय टेकेल इतक्या रुंद हव्यात. पंख्याचं पातं वर उभ्या मुलाच्या हाताला लागता कामा नये.

पलंग करणाऱ्या रहीम मिस्त्रींनी ती यादी माझ्याकडून वाचून घेतली आणि पेन्सिल कानामागे खोचली.

"ताई, हे सबन बराबर हाय. पन एक राह्यलं. मी कठडा फळीपासून तेरा इंच देतो. गादी चार इंचाची टाकजा. गादीच्या वर एक वीत कठडा उरला पायजे." मग त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तुमची वीत. पोरीची नाई."

मी तेही लिहून घेतलं. पलंग मजबूत झाला. मुली वरच्या मजल्याला माडी म्हणू लागल्या. माडी पूर्वाला मिळाली, कारण तिने मागितली, आणि त्या दिवसांत ती फार काही मागत नव्हती.

झोपायची मात्र नाही. दुकानातून आणलेल्या फोमच्या गादीवर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. महिनाभराने दिलीपराव टेम्पोतून एक गादी घेऊन आले. वैशालीची होती. त्यांच्याच शेतातल्या कापसाची, निळ्या पट्ट्यांच्या खोळीची. पिंजाऱ्याकडून नव्याने पिंजून, टाके घालून आणली होती. पूर्वाने तिच्यात तोंड खुपसलं आणि बराच वेळ काढलं नाही.

गादी माडीवर चढवली. मी कठड्यावर हात ठेवून पाहिलं. चार बोटं उरत होती.

वीत कुठे आणि चार बोटं कुठे, हे मला त्याच क्षणी दिसलं. पण त्या दिवशी पूर्वा पहिल्यांदा सकाळपर्यंत शांत झोपली. मी स्वतःला सांगितलं, कापसाची गादी आहे, झोपून झोपून दबेल. वरून मी ती एका शनिवारी गच्चीवर उन्हात टाकली. आमच्याकडे उन्हाळ्यात गाद्यांना ऊन देतातच. कापूस उन्हात फुगतो, हे वऱ्हाडातल्या बाईला सांगावं लागत नाही. संध्याकाळी गादी परत चढवताना मी हात ठेवून पाहिलं नाही.

रविवारी सकाळी सातला धप्प असा आवाज झाला.

मी धावले. पूर्वा जमिनीवर बसलेली होती, डाव्या कानाच्या वर हात धरून. थोडं रडली. गौरी म्हणाली, "माडीवरून डायरेक्ट तळमजल्यावर!" तशी पूर्वा हसलीही. टेंगूळ आलं होतं, रक्त नव्हतं. मी बर्फ लावला. तिने पोहे खाल्ले, वर शेव मागून घेतली. साडेनऊपर्यंत दोघी पत्ते खेळत होत्या. माझे यजमान म्हणाले, दाखवून आणू या का? मी म्हणाले, चांगली खेळते आहे की.

याला ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात, हे मला दुपारी कळलं. मार लागल्यानंतर मधला काही काळ माणूस अगदी ठीक दिसतो. आत रक्त साठत असतं. हे वाचणाऱ्यांना मी मुद्दाम सांगते, कारण मी इतकं वाचलं होतं, पण पलंगाविषयी वाचलं होतं. पडलेल्या मुलाविषयी नाही.

दहाच्या सुमारास ती डोकं दुखतं म्हणाली आणि झोपली. उन्हाळा, रविवार, मी झोपू दिलं. साडेअकराला ओकारी झाली. मी पुसायला गेले, ती पुन्हा ओकली. मी तिला उचलून बसवलं, तेव्हा तिने माझा पदर धरला आणि म्हणाली, "आई."

मला एक क्षण बरं वाटलं.

हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. हा शब्द तिने कधीतरी मला म्हणावा असं मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण मनात होतं. मग मी तिचे डोळे पाहिले. ते माझ्याकडे नव्हते, कशाकडेच नव्हते. उजवा हात खाली लोंबत होता. तिला मी कोण हे कळत नव्हतं, आणि मी मात्र क्षणभर सुखावले होते.

रिक्षा, दवाखाना, स्कॅन. दीड वाजता डॉक्टर पडद्यासमोर उभे होते.

"क्रेनिओटॉमी करावी लागेल," ते म्हणाले. म्हणजे कवटीचा एक तुकडा उघडायचा, साठलेलं रक्त काढायचं, वाहणारी रक्तवाहिनी बंद करायची आणि तुकडा पुन्हा बसवायचा. "जीसीएस दहावर आला आहे." हे शुद्धीचे गुण असतात: डोळे उघडणं, बोलणं, हालचाल, असे मिळून पंधरा. सकाळी पत्ते खेळताना ती पंधरा असणार. "तुम्ही आई?"

"मावशी. आई नाही तिला. वडील वलगावहून निघतायत."

"वाट बघायला वेळ नाही. फोनवर त्यांच्याशी बोलतो, सही तुम्ही करा. आणखी एक. रक्त डाव्या बाजूला आहे. शब्द सापडण्याची, बोलणं समजण्याची जागा त्याच बाजूला असते. वाचेल अशी मला आशा आहे. बोलण्याचं आज सांगत नाही."

कागदावर 'रुग्णाशी नाते' अशी ओळ होती. मी 'मावशी' लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला नवल वाटलं.

वैशालीच्या वेळी अमरावतीला मी नऊ दिवस बाकावर बसले होते, रोज एक पुस्तक मांडीवर घेऊन. इथे पुस्तक नव्हतं. समोरच्या भिंतीवर फरशीच्या अठरा ओळी होत्या. मी प्रत्येक ओळीवर मनातल्या मनात हात ठेवत होते, एक वीत, चार बोटं, एक वीत.

साडेपाचला दिलीपराव आले. एवढ्या उन्हात मोटरसायकलवर थेट वलगावहून, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. दुपट्टा सोडवत त्यांनी एवढंच विचारलं, "जिती हाय ना, ताई?"

"आत आहे अजून. चालू आहे."

ते बाकावर बसले. माझे यजमान पाणी आणायला गेले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.

"दिलीपराव, कठडा मी मोजला होता. गादी जाड होती. चार बोटंच उरत होती. मिस्त्रींनी वीतभर सांगितला होता. मला माहीत होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुपट्ट्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पिंजारी म्हने चार किलो रुई बास होते," ते म्हणाले. "मी सात भरवली. तो म्हने, दादा, हे गादी हाय का ढिगारा? म्हटलं भर तू. माय नाई पोरीले, मऊ तरी लागलं पायजे." मग दुपट्टा मांडीवर ठेवून, "तुमी मोजलं तरी. मी त कठडा पाह्यलाबी नाई."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. पण त्यानंतर आम्ही दोघं एकाच बाकावर बसू शकलो.

सहाला डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून कपाळ पुसलं. "रक्त निघालं. मेंदू पुन्हा जागेवर येतोय. आता ती काय करते ते पाहायचं."

दुसरा दिवस, सोमवार. अतिदक्षता विभागात एका वेळी एकाच माणसाला पाच मिनिटं. अर्धं डोकं भादरलेलं, पांढरी पट्टी, तिच्यातून निघालेली एक बारीक नळी. तिला ड्रेन म्हणतात, आत उरलेलं रक्त तिच्यातून बाहेर येतं. नर्सबाई म्हणाली, हाक मारा. मी हाक मारली. पापण्या हलल्या, उघडल्या नाहीत. दिलीपराव आत जाऊन आले आणि म्हणाले, "बोट धरलं तिनं. कोनत्या हातानं ते आठवत नाई." परत आत जाऊ देईनात, म्हणून ते नर्सबाईला दारातूनच विचारू लागले, "मॅडम, उजवा व्हता का डावा, एवढं सांगा ना." ती म्हणाली, "उजवा, काका. बसा आता." ते बसले आणि पहिल्यांदा रडले.

संध्याकाळी तिने डोळे उघडले, पण बोलली नाही. नर्सबाई बोलली, मी बोलले, तिने फक्त पाहिलं. डॉक्टर म्हणाले, घाई नको. मी घरी जाऊन गौरीला जेवायला वाढलं. ती म्हणाली, "आई, ती आता कधीच बोलणार नाही का? तिचे तीन पत्ते अजून माझ्याजवळ आहेत." मी म्हणाले, जपून ठेव.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते पूर्वाच्या उजव्या बाजूला उभे राहिले. "बेटा, जीभ दाखव." दाखवली. "माझी दोन बोटं दाब." दाबली. पेन समोर धरलं. "हे काय आहे?" ती पेनाकडे पाहत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"आणि ही कोण?"

तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी खरंच माझ्याकडे. कपाळावर बारीक आठी आली, गणित अडल्यावर येते तशी. तिच्या डोळ्यांत काहीतरी शोधत शोधत जवळ येत होतं.

"मावशी," ती म्हणाली.

इतका नेमका शब्द मला आयुष्यात कुणी दिला नाही. मी बाहेर आले आणि दिलीपरावांना तोच एक शब्द सांगितला. त्यांना सगळं कळलं.

अकराव्या दिवशी ती घरी आली. पहिले काही आठवडे शब्द अडायचे. चमच्याला ती 'ते भाजीचं' म्हणायची आणि स्वतःच चिडायची. रोज वाचून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काम मला येतं. आता अडत नाहीत, दमली तरच. चढणं, पळणं डॉक्टर सांगेपर्यंत बंद होतं.

ज्यांच्या घरी असा पलंग आहे किंवा होणार आहे, त्यांना मी एवढंच सांगेन. कठडा फळीपासून मोजू नका, गादी टाकल्यावर मोजा. आणि गादी बदलली, भरली, उन्हात टाकली, तर पुन्हा मोजा. मूल डोक्यावर पडलं तर ते हसतं-खेळतं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि नंतर पेंगू लागलं, डोकं दुखतं म्हणालं, पुन्हा पुन्हा ओकलं, असंबद्ध बोललं, तर झोपू देऊ नका, उठवा आणि निघा. असंबद्ध बोलणं कधी कधी तुम्हाला हवंहवंसं वाटेल असं असतं.

गादी मला डोळ्यांपुढे नको होती. दिलीपराव ती घेऊन गेले. मला वाटलं, घरी ठेवतील. पंधरा दिवसांनी ते दोन गाद्या घेऊन आले, पातळ, तीच निळ्या पट्ट्यांची खोळ फाडून दोन केलेली. "पिंजारी म्हने, आता कशी अक्कल आली. मी म्हटलं, आली."

एक गादी गौरीची, माडीवर. एक पूर्वाची, खाली. वैशालीच्या शेतातला कापूस आता दोघींच्या अंगाखाली आहे.

परवा डॉक्टरांनी शिडी चढायची परवानगी दिली. घरी येताच पूर्वा वर गेली. मी शिडीपाशी उभी राहिले, दोन्ही हात वर करून. तिने गादीवर आपला तळवा उभा ठेवला, बोटं ताणली आणि कठड्याची उंची मोजली. तिची वीत कठड्याच्या आतच राहिली.

"पुरते," ती म्हणाली. मग, "मावशी, तू पण मोज."

मी वर चढले आणि माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला.