केसांची दिशा

वस्तरा काढायच्या आधी ते माणसाच्या डोक्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांबा. आधी डोकं कळू द्या."

ऐंशीच्या दशकात मी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात सिस्टर होते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटचं डोकं करायला, म्हणजे वस्तऱ्याने केस काढायला, हे न्हावीकाका सायकलवरून यायचे. उभा जन्म त्यांनी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, सुतकातल्या लोकांची डोकी करण्यात काढला होता. वस्तरा उकळून घ्यायला मी त्यांना एकदाच सांगितलं. नंतर तेच मला विचारायचे, "सिस्टर, पाणी नीट उकळलं ना?"

मालेगावची एक बाई आमच्याकडे आली. वय तिशीच्या आत. यंत्राच्या पट्ट्यात वेणी ओढली जाऊन डोक्याच्या उजव्या बाजूची कातडी केसांसकट निघाली होती. जखम भरली, पण तिथे नुसता चकचकीत व्रण उरला. डोक्यावरचा पदर ती झोपेतही सोडायची नाही.

डॉक्टरांनी तिला समजावलं. उरलेल्या चांगल्या कातडीखाली एक फुगा बसवायचा आणि दर आठवड्याला सुईने त्यात थोडं सलाईन भरायचं. फुगा वाढेल तशी वरची कातडी केसांसकट वाढेल. मग फुगा काढून ती वाढीव कातडी व्रणाच्या जागी ओढून शिवायची. तिला सगळं पटलं. फक्त त्यासाठी डोकं करावं लागेल म्हटल्यावर ती भिंतीकडे तोंड करून बसली. नवरा जिवंत असताना बाईनं डोकं करायचं? आहेत तेवढे तरी राहू द्या, म्हणाली.

काका तिच्यासमोर जमिनीवर बसले. "पोरी, घाटावर मी गेलेल्यांसाठी डोकी केली. हे येणाऱ्या केसांसाठी हाय. तू म्हणशील तेव्हाच वस्तरा उचलीन."

तासभर ते तसेच बसून होते. शेवटी तिनेच पदर खाली घेतला.

फुगा बसवल्यावर पुढचे अडीच महिने ती दर गुरुवारी सलाईन भरून घ्यायला एसटीने यायची. डोक्यावर नारळाएवढं टेंगूळ. बसमधले लोक वळून वळून बघतात, हे ती हसत सांगायला लागली, तेव्हा मला तिची काळजी वाटेनाशी झाली.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काकांनी त्या ताणलेल्या कातडीवरून वस्तरा फिरवला. नखाएवढी जागा, मग थांबायचं, पुन्हा नखाएवढी जागा. कुठे ओरखडासुद्धा नाही. नंतर डॉक्टरांनी कातडी कुठून कापायची, कुठे ओढायची, त्याच्या निळ्या रेघा मारल्या. काका दाराशी घुटमळत होते.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास. हिचा भोवरा डावीकडं फिरतो. असं शिवलं तर केस उलटे उभे राहतील. जन्मभर."

डॉक्टर मोठ्या शहरात शिकून आलेले, बोलायला कडक. पण त्यांनी स्पिरिटच्या बोळ्याने रेघ पुसली आणि म्हणाले, "दाखवा." काका बोट फिरवत गेले आणि डॉक्टर त्या बोटामागून नवी रेघ काढत गेले.

वर्षभराने ती आली, ती डोक्यावर पदर न घेता. केस जन्मापासूनचे असावेत तसे कानावर उतरले होते. काकांनी व्रणाची रेघ शोधली नाही. फणी मागितली आणि तिचा भांग पाडून दिला. ती रडत होती. काका म्हणाले, "हलू नको, वाकडा पडंल."

पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी ते वस्तऱ्याची पेटी न घेता आले. आदल्या दिवशी घाटावर डोकं करताना त्यांचा हात जरासा हलला होता. रक्त आलं नव्हतं.

"गिऱ्हाईकाला कळलं नाय," ते म्हणाले. "मला कळलं. आता तुमच्या पेशंटला हात लावणार नाय."

डॉक्टरांनी खूप आग्रह केला. काका नुसते हसले. पेशंट खोळंबलेले असतानाही डॉक्टर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. काका पुन्हा दवाखान्यात आले नाहीत.

त्या सकाळी डॉक्टर फाटकावरून आत आले, बराच वेळ हात धूत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सिस्टर, माझा हात हलला, तर मला कळेल का हो?"

मी टॉवेल पुढे केला.